वस्तरेनानांचा बुडखा

वस्तरेनानांचं सलून म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. पण त्या खुर्चीतून उठलेल्या माणसानं गालावर हात ठेवला की तो घसरत थेट गळ्यापाशी थांबायचा. बोटाला एक खुंट जरी लागला तरी नाना गिऱ्हाइकाला पुन्हा बसवत. "माझ्या दुकानातून काटेरी माणूस बाहेर जात नाही," म्हणत.

"दुकानातून जात नाही, रोज घरी येतो," असं त्यांची बायको म्हणायची.

आळीत तिला सगळे काकू म्हणत. तिची नजर दिव्याची वात खाली उतरावी तशी उतरत चालली होती. समोरच्याचा चेहरा दिसे, पायाखालचं काही दिसत नसे. आणि अंगणात, दार आणि फाटक यांच्या अगदी मधोमध, सुबाभूळ उभी होती. तिच्या वाळक्या शेंगांवरून काकू एकदा घसरल्या, तेव्हा नानांनी ठरवलं, झाड काढायचं.

लाकूडतोड्याला बोलवावं, असं मेव्हण्यानं सुचवलं. नानांना ते लागलं. "कापायचंच तर काम आहे. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

मग दोघांनी मिळून करवत चालवली. झाड आडवं झालं, कमरेएवढं खोड उरलं, आणि मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे असूद्या सध्या. याचं नंतर बघू."

"अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवू का?" नाना म्हणाले, आणि मातीत बसून त्यांनी खोड पार जमिनीलगत कापलं. वर पाणी शिंपडलं, तळहात फिरवला. इतकी देखणी कापणी त्या आळीनं पाहिली नव्हती, असं नानांचं मत होतं. आळीनं ते खोडून काढलं नाही, कारण आळी बघायला आलीच नव्हती.

काही दिवसांनी त्या बुडख्याला चहूबाजूंनी धुमारे फुटले. नाना रोज सकाळी कात्रीनं ते छाटायचे आणि बुडखा रोज दुप्पट जोमानं उगवायचा. शेवटी एका दुपारी काकूंचा पाय त्या झुडपात अडकला आणि मनगट प्लास्टरात गेलं.

लेक धावत आली. तिनं अंगण बघितलं, आईचा हात बघितला, बापाकडे बघितलंच नाही. "येत्या रविवारी गाडी घेऊन येते. आईला माझ्याकडे नेते. कायमची."

"रविवारपर्यंत अंगण आरशासारखं करतो की!" नाना म्हणाले.

"करा. मग बघू."

लेक गेल्यावर नाना ओट्यावर येऊन बसले. दुकानात दिवसभर ते बोलत, घरी आल्यावर ती बोलायची, अशी त्यांची वाटणी होती. घरात बोलायला ती नसली तर रात्रीचं जेवण घशाखाली कसं उतरायचं, हे त्यांना कळेना.

पहिल्यांदा मशीनवाला आला. बुडख्याचा भुसा करून देतो म्हणाला आणि किती पडतील तेही म्हणाला. आकडा ऐकून नानांनी त्याला खुर्चीत बसवलं, आपल्या खर्चानं दाढी केली आणि वाटेला लावलं.

बाकावर बसलेल्या कंपाउंडरनं स्वस्तातला इलाज सांगितला. "भोकं पाडा, मीठ भरा. आपोआप कुजतो."

"कधीपर्यंत?"

"दोन-तीन वर्षं धरा."

"रविवारी लेक येतेय माझी!"

"मग जरा जास्त मीठ घाला."

तोंडाला फेस लावून बसलेला ट्रकड्रायव्हर एवढा हसला की नानांना वस्तरा वर धरावा लागला. "नाना, जमिनीलगत कुणी कापायला सांगितलं? कमरेएवढं खोड ठेवायचं, मुळं तोडायची, शेंड्याला दोर बांधून हलवायचं. बुडासकट उपटून येतं. तुम्ही पकडायची मूठच कापून टाकलीत!"

"मेव्हणा म्हणत होता तसं," नाना पुटपुटले.

"मेव्हण्याचं कोण ऐकतं! माझा जॅक घेऊन जा. पण खोल खणावं लागेल."

दुकानाला कुलूप लागलं. नाना कुदळ घेऊन बुडख्याभोवती उतरले. रोज थोडे आणखी खाली जात. मुळं तोडली की खाली आणखी मुळं. मेव्हणा वर उभा राहून माती ओढायचा आणि "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य प्रत्येक घमेल्याबरोबर टाकायचा. संध्याकाळी नाना चिखलानं माखून यायचे, चार घास खाऊन तिथंच आडवे व्हायचे.

"अहो, ऐकता का?" काकू म्हणायच्या.

"रविवारनंतर," नाना डोळे मिटूनच म्हणायचे.

शनिवारी त्यांनी फळीवर जॅक बसवला, साखळी जाडजूड मुळाखालून घेतली आणि दांडा मारायला सुरुवात केली. जमीन कण्हली. सोटमूळ तटकन तुटलं आणि बुडखा वर आला, जुनाट दाढ उपटावी तसा. दोघांनी तो लोळवत कुंपणाला नेला. अंधार पडायच्या आत खड्डा बुजवला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, थराथरानं माती ठोकून बसवायला हवी." पण नानांनी वरून फळी फिरवली, पाणी शिंपडलं, आणि माती गालासारखी गुळगुळीत झाली.

रविवारी लेक ड्रायव्हरसकट गाडी घेऊन आली. फाटकातून अंगण बघून तिचा चेहरा सैल झाला. "बाबा, खरंच काढलात की! बरं, मग आई इथंच राहू दे."

नाना मिशीतल्या मिशीत हसले. तेवढ्यात काकू पिशवी घेऊन दारात आल्या.

"मी येते गं तुझ्याबरोबर."

"अगं, पण आता कशाला?" नाना चपापले. "अंगण मोकळं झालं ना?"

"झालं की. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले, त्यापेक्षा भिंतीशी बोलले असते तर ती तरी हूं म्हणाली असती. लेकीकडे जरा बोलून येते. मला न्यायचं की ठेवायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

त्या काठी टेकत निघाल्या. मधोमध आल्यावर काठीचं टोक मऊ मातीत रुतलं. त्या थांबल्या, काठीनं कड चाचपली, आणि वळसा घालून सरळ फाटकापर्यंत गेल्या. कुणाचा हात धरला नाही. गाडीत बसल्याही.

"अगं, डोळ्यांचं औषध!" नाना घरात धावले, बाटली घेतली आणि जवळच्या वाटेनं, म्हणजे मधूनच, पळत सुटले. गुळगुळीत मातीनं त्यांना गुडघ्यापर्यंत आत घेतलं. एक पाय खाली, दुसरा दुमडलेला, आणि बाटली तेवढी वर धरलेली.

लेक गाडीपाशीच थबकली. "आई, बाबा रुतलेत."

"दिसत नाही मला. किती?"

"गुडघ्यापर्यंत."

"मग ऐकून घेतील," काकू म्हणाल्या. "ड्रायव्हर, जरा थांबा हं. आणि गं, त्यांना बाहेर काढ, पाय धुवायला सांग आणि मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसव. सोमवारपासूनचं सगळं सांगायचं राहिलंय."