मेहरुण तलावाला एक चक्कर

आमचे हे निवृत्त झाले आणि घरातच ऑफिस सुरू झालं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे इथल्या, जळगावच्या मेहरुण तलावाच्या काठाने सायकलवर साधं फिरून यायचं तर यांनी त्याचाही दौरा कार्यक्रम लिहून काढला. रविवारी सकाळी सहाला घर सोडणे. सव्वासहाला तलाव. एक चक्कर सावकाश, मग चहा-पोहे. कागदाच्या तळाशी सायकली दोन: एक स्वतःची, एक शेजारच्या वहिनींकडून मागून आणलेली, माझ्यासाठी. कागद फ्रिजवर चिकटवून म्हणाले, "काही बदल सुचवायचा असेल तर आत्ताच सांग."

बदल एकच होता. मला सायकल येत नाही.

हे सांगायला एवढं काय जड, असं कोणालाही वाटेल. पण एकतीस वर्षांपूर्वी हे लोक धुळ्याला मला बघायला आले, तेव्हा मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगी सायकलवर कॉलेजला जाते. त्यांना नोकरी करणारी, बाहेरची चार कामं उरकणारी सून हवी होती. सासूबाईंनी पोह्यांची ताटली हातात धरून विचारलं, "सायकल येते ना गं?" मी वडिलांकडे पाहिलं. आबा सतरंजीकडे बघत होते. मी मान डोलावली. बघण्याच्या कार्यक्रमात पोरीने मान डोलवायची असते, तेवढंच आम्हाला शिकवलेलं. पुढे जळगावला शाळेत नोकरी लागली, रिक्षा दारातून मिळायची, आणि सायकलचा विषय निघालाच तर मी गुडघ्यावर ढकलून मोकळी व्हायचे.

आता मात्र यांनी पिच्छाच पुरवला. "गिअरची हवी होती का तुला?" मी म्हटलं, साधीच बरी. "कॉलेजच्या सायकलला मधला दांडा होता?" आठवत नाही म्हटलं. "उतारावर आधी मागचा ब्रेक लावतेस की पुढचा?" आता या माणसाला काय सांगायचं? "दोन्ही," म्हटलं, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून स्वयंपाकघरात पळाले. कुकर लावलेलाच नव्हता. यांना संशय आलाय की हे सहज विचारतायत, काही कळेना. तीन दिवस डोक्याचा नुसता भुगा झाला.

शेवटी धुळ्याला मोठ्या बहिणीला फोन लावला. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "सांगी टाक ना बाई. आते काय त्या तुले माहेरले धाडतीन?"

तसं नव्हतं गं अक्का. हे मला माहेरी धाडतील ही भीती कधीच गेली होती. पण एकतीस वर्षं जो माणूस माझ्या प्रत्येक शब्दावर विसंबला, त्याला पहिल्याच दिवशी फसवलं होतं, हे त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? ते ऐकल्यावर बाकीचं सगळंही त्याला खोटंच वाटलं तर?

शनिवारी संध्याकाळी हे अंगणात वहिनींच्या सायकलीत हवा भरत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती. मैत्रिणीच्या मागे कॅरिअरवर बसून जायचे.

यांनी पंप थांबवला नाही. "माहीत आहे," म्हणाले.

"कधीपासून?"

"पाठवणीच्या वेळी तुझ्या आबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पोरले सायकल येत नही जावईबापू, तुम्हीच शिकाडी द्या. मी हो म्हटलं."

मला रागच आला. म्हणजे मी आपली गुडघा धरून बसायचे आणि हे मुकाट बघायचे? "मग शिकवलं का नाही?"

"आज शिकवू, उद्या शिकवू. राहून गेलं. आता तरी तूच सांगशील, म्हणून ब्रेकचं विचारत होतो." हे सायकलीकडे बघतच बोलत होते. "आबा दर दिवाळीला विचारायचे मला. येते का आता?"

"तुम्ही काय सांगायचात?"

"पहिली दोन वर्षं म्हटलं, शिकतेय. मग सांगितलं, छान चालवते. इतके खूश झाले, की नंतर खरं सांगवेना."

आबांना जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, माझी पोरगी जळगावात सायकलवर फिरते. मी औषधाच्या गुंगीतलं बोलणं समजून त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं होतं.

आता कोणावर चिडायचं, कोणाची माफी मागायची, काहीच कळेना. मग मी पदर खोचला, हँडल धरलं आणि म्हटलं, "सीट खाली करा आधी. माझे पाय टेकले पाहिजेत."