सुधीरचा दोष नव्हता

आईचा फोन आला तेव्हा मी अँटॉप हिलच्या घरी कुकर लावत होते. "बाय, सुधीर उठणा नाय..." एवढंच ती म्हणाली. माझा धाकटा भाऊ गेला, त्याला आता दीड महिना होईल.

लालबागच्या चाळीत एका खोलीत, एका गोधडीत वाढलो आम्ही. तान्हेपणी बीसीजीची लस टोचली तर त्याच्या काखेत गाठ येऊन फुटली. मग शाळेत असताना टीबी, बरा झाला, मोठेपणी पुन्हा टीबी. मला मात्र साधा खोकला कधी टिकला नाही. "गोळ्या चुकवल्या असतील," "नीट जेवत नाही," सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. गिरगावात चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा. संध्याकाळी घरी आला की रिकामा डबा उघडून आईला दाखवायचा, पुरावा दिल्यासारखा...

तिसऱ्यांदा आजार उलटला तेव्हा परळच्या एका डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं. टीबीचा जंतू पेशीत शिरला की ती पेशी मदतीला हाक मारते. ती हाक ऐकायला दुसऱ्या पेशींवर जणू कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हाक ऐकू आली की त्या पेशी एक रसायन सोडतात, आणि त्यातून पहिलीला जंतू मारायचं बळ मिळतं. सुधीरच्या पेशींवर ते कान घडलेच नव्हते. आई आणि बाबा, दोघांकडूनही त्याला बिघडलेलाच जीन आला होता. मला एक चांगला मिळाला, तेवढा एक पुरतो.

तो शेजारी बसलेला असताना माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "म्हणजे माझ्या मुलाला काही...?"

"डॉक्टर, आधी ताईचं सांगा. माझं नंतर," सुधीर म्हणाला. अगदी मनापासून.

मुलाला धोका जवळजवळ नाही, हे ऐकून मी निःश्वास सोडला. तो त्यानंही ऐकला असणार.

घरी पोचताच त्यानं चपलाही न काढता सांगितलं, "आये, माझो दोष नाय! गोळियांचो नाय, जेवणाचो नाय!" इतका आनंदी मी त्याला क्वचितच पाहिला होता. आई मात्र खाली बसली. "म्हणजे आमच्याकडसूनच इला मां ह्या तुका?" तो तिच्यापाशी टेकला. "तुका खंय म्हायत होता गे?"

पेशींना जे रसायन सोडता येत नव्हतं ते इंजेक्शनातून द्यायला सुरुवात झाली. काही महिने अंगावर मांस धरलं, जिनाही चढायला लागला. पण फुप्फुसं आधीच खचली होती...

परवा आईकडे गेले तेव्हा फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे, उरलेल्या इंजेक्शनांचा डबा तसाच होता. आई तो कुणाला हलवू देत नाही. तिनं तो काढून माझ्यासमोर धरला. "महाग आसत. तुका लागतीत काय गे कधी?"

"नाही गं आई," मी म्हटलं. तिच्याकडे बघून म्हणता आलं नाही.