ग्रामसभेच्या रजिस्टरवर माझी सही

मंडळी, आज चिडायचंही त्राण उरलं नाही.

पालमच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मोबाईलवर नागरिकशास्त्र शिकवतो. आज सकाळी ओसरीत बसून व्हिडिओ करत होतो: ग्रामसभा तुमची आहे, तिथं जा, प्रश्न विचारा.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला. माझाच जुना विद्यार्थी. बोलण्याची तंद्री मोडू नये म्हणून मी न बघताच सही ठोकली.

रेकॉर्डिंग संपवून विचारलं, "कशाची रे सही?"

"ग्रामसभेच्या हजेरीची, सर."

"सभा कधी हाय?"

"झाली की! घरोघर सह्या घेतल्या. तुमची तेवढी ऱ्हायली होती."

मी सही खोडायला पेन मागितला. त्यानं रजिस्टर छातीशी धरलं. "रजिस्टरात खोडाखोड चालत न्हाई. तुमीच शिकवलंय, सर." वर म्हणाला, "तुमचे व्हिडिओ लय आवडीनं बघायलाव आमी."

तो गेला. व्हिडिओत माझी सहीसुद्धा दिसतेय. मी तसाच टाकतोय.

बघून झालं की एवढंच सांगा, तुमच्या गावची ग्रामसभा कुठं भरते? चावडीवर, की तुमच्याही दारात येऊन सही घेऊन जाते?