जेलातली सतरंजी

आज कॉलेजच्या व्हरांड्यात फिनेलचा वास आला आणि बुलडाण्याच्या जेलातला आमचा वर्ग आठवला. कॉलेजातून मी सोबत नेलेले विद्यार्थी आणि तिथले कैदी एकाच सतरंजीवर, एकाआड एक बसायचे. साखरखेर्ड्याचा सुनील सगळ्यांच्या आधी येऊन बसे.

त्या दिवशी धडा अर्ध्यावर आला असताना शिपाई दारातून ओरडला, ‘‘सुनील, सामान घे बे! जामीन झाला तुहा.’’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुनील मात्र उठेना. त्यानं दोन्ही हातांनी सतरंजी घट्ट धरली.

‘‘सर, एवढा धडा होऊ द्या ना. बाहेर मले कोण बसू देईन वर्गात?’’

‘‘येडा झाला का बे?’’ शिपायानं त्याला दंडाला धरून उठवलं.

‘‘कॉलेजात ये, मी आहे ना,’’ मी म्हणालो. तो नुसता हसला. तेव्हा मला वाटलं, याला जेलाची सवय लागली. आता कळतं, शेजारी माणूस बसेल अशी तेवढी एकच जागा त्याला उरली होती.

सुटणाऱ्यानं मागं वळून पाहिलं तर त्याला परत यावं लागतं, असं तिथं सगळेच मानत. कैदी जीव तोडून ओरडत होते, ‘‘मागं पाहू नको रे!’’

सुनील फाटकापर्यंत मागं पाहतच गेला.