आधी पाणी, मग चहा

बस स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईंना तुम्ही कितपत ओळखत होता, असं कुणी विचारलं तर चहावाले काका म्हणतील, फारसं नाही. घर कुठे, घरी कोण, काही ठाऊक नाही. ओळख होती ती आवाजाशी. पहाटे कर्ण्यातून पहिली गाडी खणखणीत पुकारली गेली की काका स्टोव्हला पंप मारायचे आणि दाट दुधाच्या चहाचा पहिला ग्लास वर बाईंच्या माइकच्या खोलीत पोचवायचे.

तो आवाज बसला. बाईंचा चेहरा सुजला, पाय जड झाले, बोलणं घोगरं. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, डोस वाढवला, पुन्हा वाढवला. फरक शून्य. ड्रायव्हर मंडळींना तर ऊतच आला. "बाई, माइकवर बेडूक बसवलाय का?" स्टँडच्या साहेबांनी निक्षून सांगितलं, "दोन महिने बघतो. शेवटच्या फलाटावर शब्द कळला नाही, तर रेकॉर्ड केलेला आवाज लावणार."

आणि एके दिवशी चहाचा ग्लास भरलेलाच परत आला. दुसऱ्या दिवशीही. काका तरातरा जिना चढले.

"बाई, माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा."

बाईंना हसू फुटलं. "अहो काका, तुमचा चहाच माझी गोळी गिळत होता!"

"म्हणजे?"

"मी गोळी घ्यायचे तुमच्या चहाबरोबर. ती म्हणे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. वर लगेच चहा प्यायला की अंगी लागतच नाही. डॉक्टरांनी परवा विचारलं म्हणून कळलं."

"एवढंच ना? मग मी कशाला आहे!"

तेव्हापासून काका पहाटे पाणी घेऊन वर जायचे. चहा तासाभराने. मधेच कुणी बाईंना चहा विचारला तर खालून ओरडायचे, "खबरदार!" हळूहळू सूज उतरली. एका सकाळी "फलाट" हा शब्द असा काही वाजला, की ऐकता ऐकता काकांचा चहा उतू गेला.

ठरल्या दिवशी साहेब शेवटच्या फलाटावर हाताची घडी घालून उभे राहिले. काका दुकान टाकून त्यांच्या मागे. जीव नुसता टांगणीला. कर्णा खरखरला, आणि मग...

"शेवटच्या फलाटाच्या कडेला उभ्या असलेल्या साहेबांनी कृपया मागे सरकावं! गाडी येत आहे!"

साहेब टुणकन मागे उडाले ते थेट काकांच्या पायावर. सगळ्या ड्रायव्हरांनी एकदम हॉर्न वाजवले. काकांना पाय दुखल्याचं भानच नव्हतं. ते लंगडत नाचत होते. साहेबही हसले, आणि इतके खूश झाले की त्यांनी शहरातल्या मोठ्या स्टँडसाठी बाईंचंच नाव सुचवलं.

जायच्या दिवशी काका नेहमीसारखं पाणी घेऊन वर गेले.

"चहा तासाभराने आणतो."

"तासाभराने मी गाडीत असेन हो, काका."

"मग बाटलीत भरून देतो. घड्याळ बघून प्या."

"बरं. साखर जरा कमी घाला."

"घालतो."