खिशातली गोळी

आगीच्या भीतीवर ज्याचं पोट चालतं त्याने निर्धास्त राहून चालत नाही. कचेऱ्यांत, गोदामांत, दवाखान्यांत भिंतीला टांगलेले जे लाल सिलिंडर असतात, ते तपासून भरून देणाऱ्या वर्कशॉपात तो बरीच वर्षं नोकरीला होता, आणि तिथे त्याला सगळे सायरन म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याची हरकतही नव्हती. सायरन ऐकून निदान माणसं बाहेर तरी पडतात, असं तो म्हणे.

भीती त्याची मूळचीच. नोकरीत ती कामी आली एवढंच. घरातून निघताना तो गॅसची कळ बघायचा, जिना उतरायचा, पुन्हा चढून यायचा आणि कळ बंदच आहे ना याची खात्री करायचा. भीती वाटली की नखं खायचा, आणि भीती सारखीच वाटत असल्यामुळे त्याला नखं कापायची वेळ कधी यायची नाही. लेकीला बिस्कीट द्यायचं तर आधी त्याचे दोन तुकडे करून, उजेडात धरून, मध्ये काही नाही ना ते पाहून द्यायचा. आजवर मध्ये काही निघालं नव्हतं. पण निघालं नाही म्हणजे नसतंच, असं मानणाऱ्यांच्या गोदामांचं काय होतं ते त्याने पाहिलेलं होतं.

लेक पहिलीत होती. अंगाने एवढीशी आणि सतत कुठेतरी निघालेली, म्हणून आजीने, सायरनच्या आईने, तिला मुंगी नाव ठेवलं होतं. नुकती अक्षरं लावायला लागल्यामुळे दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, जे दिसेल ते ती मोठ्याने वाचायची. सायरनच्या कामाच्या पिशवीत तांबडी कार्डं असत. तपासणीत नापास झालेल्या सिलिंडरच्या गळ्यात तो ती दोऱ्याने बांधायचा.

"बाद. वापरू नये," मुंगीने एकदा वाचलं. "बाद म्हणजे काय रे बाबा?"

बाद म्हणजे ज्याचा भरवसा नाही ते, त्याने सांगितलं. ते बाकीच्यांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. मुंगीला ते पटलेलं दिसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंगी झोपेत कराकरा दात खायला लागली. अंथरुणात तळमळायची, हात सारखा मागे जायचा, सकाळी किरकिर करत उठायची. वर्गात एका जागी बसत नाही, असा बाईंचा निरोप आला. मेंदूपर्यंत जाऊ शकणारे जेवढे रोग सायरनला ऐकून माहीत होते तेवढे त्याने मनातल्या मनात मुलीला लावून पाहिले, आणि सगळे थोडेथोडे बसले. आजीचं म्हणणं एकच: गोड खाते, दुसरं काय.

त्याची बायको पडद्यांच्या दुकानात कापड कापायची. घरात न घाबरण्याचं खातं तिच्याकडे होतं, कारण ते दुसऱ्या कोणाला देता येण्यासारखं नव्हतं. मुंगीचा डोळा लागून थोडा वेळ झाल्यावर तिने टॉर्च घेतला, पोरीला कुशीवर वळवलं आणि जिथे खाजत होतं ती जागा पाहिली. सायरन दारात उभा होता. आत जायचा त्याला धीर होत नव्हता, आणि निघून जायचाही होत नव्हता.

कात्रीखालून पडणारे पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे बायकोला रोजचेच होते. हे तसेच होते, तितकेच बारीक, बोटाच्या पेराहूनही आखूड. फक्त दोरा हलत नाही.

"जंत आहेत," ती म्हणाली.

"आत किती असतील?"

"मोजत बसू का? दुसरी चादर आणा."

त्याने चादर आणली. जुनी ओढून काढली आणि जे काही असेल ते जाऊ दे म्हणून खोलीच्या मधोमध उभं राहून जिवाच्या आकांताने झटकली. मग तो उरलेली नखं खात बसला.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि चादर झटकल्याचं कळल्यावर चष्मा काढला. झटकायची नसते, त्या म्हणाल्या. अलगद गुंडाळून गरम पाण्यात घालायची. जंताची मादी मूल झोपल्यावर बाहेर येऊन अंडी घालते, म्हणून खाज सुटते. खाजवलं की अंडी नखात जातात, नखातून तोंडात, आणि पुन्हा पहिल्यापासून. ती डोळ्यांना दिसत नाहीत. चादरीवर, टॉवेलवर, खेळण्यांवर दोन-तीन आठवडेसुद्धा टिकतात. नखं बारीक कापा. शौचाहून आल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात. सकाळी उठल्या उठल्या अंघोळ आणि धुतलेली चड्डी. गोड खाण्याचा काही संबंध नाही. इथे आजीने खिडकीबाहेर पाहिलं. आणि औषध घरातल्या सगळ्यांनी, एकाच दिवशी. गोळीने जंत मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा एक.

"घरात कोणी गरोदर आहे का?" त्यांनी विचारलं.

बायको नाही म्हणाली. आजीनेही आपल्यापुरती मान हलवली.

हा काही मोठा आजार नाही, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लहान मुलं असलेल्या कुठल्याही घरात होतो, स्वच्छ घरातसुद्धा. मुलीला वेगळं टाकू नका, शाळा बुडवू नका, ओरडू नका. यातलं जेवढं भीतीचं होतं तेवढं सायरनच्या पाठ झालं. धीराचं होतं ते दवाखान्याच्या पायऱ्यांवरच राहिलं.

घरी येऊन त्याने गोळ्यांच्या खोक्यातला तो घडी घातलेला पातळ कागद काढला. असे कागद कोणी वाचत नाही. सायरनने भिंग लावून वाचला. मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ. क्वचित यकृताला सूज. अतिक्वचित, दहा हजारांत एखाद्याला, याहून वाईट. आपण त्या दहा हजारांतले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव आहोत असं बाकीचं जग धरून चालतं. सायरनचा सगळा धंदाच त्या उरलेल्या एकावर चालला होता.

जेवणं झाल्यावर बायकोने चौघांच्या हातावर एकेक गोळी ठेवली. मुंगीने चावून खाल्ली आणि संत्र्यासारखी लागते म्हणाली. आजीने देवाचं नाव घेऊन खाल्ली. बायकोने भांडी आवरता आवरता खाल्ली. सायरन पाणी प्यायला आत गेला. बाहेर आला तेव्हा गोळी त्याच्या गणवेशाच्या वरच्या खिशात होती, शिशाची सीलं आणि सुटे खिळे यांच्यात. आपल्याला खाज नाही, त्रास नाही, मग उगाच कशाला, असा त्याने स्वतःशी हिशेब केला. पोरीला दिली तेव्हा हा हिशेब आठवला नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. त्यामुळे त्याला दुसरीच भीती वाटली, आणि तो तासभर मुंगीच्या छातीचे ठोके ऐकत बसला. ठोके व्यवस्थित होते.

गोळीची कसर त्याने बंदोबस्तात भरून काढली. मुंगीचा टॉवेल वेगळा, ताट वेगळं, पेला वेगळा. रोज त्याच्या कुशीत झोपायची, ती आता पलीकडे चटईवर. मांडीवर बसायचं नाही. बायको म्हणाली की डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं ते सगळं तुम्ही एकट्याने करून दाखवलंत. तो म्हणाला, थोडेच दिवस. मुंगीला त्याने समजावून सांगितलं, की बाळा, रडायचं नाही, थोडे दिवस तिकडे भिंतीकडे तोंड करून झोप. बिस्किटं मात्र तो स्वतःच्या हाताने देत राहिला, पूर्वीसारखी, तुकडे करून, तपासून.

रोज संध्याकाळी तो तिला विचारायचा, खाज येते का? विचारताना त्याचा चेहरा सिलिंडरचा काटा बघताना होतो तसा व्हायचा. मुंगी नाही म्हणायची. आधी आठवून म्हणायची, मग प्रश्न संपायच्या आत म्हणायला लागली. दुसऱ्या गोळीचा दिवस आला. सायरन पुन्हा पाणी प्यायला आत गेला. आता खिशात दोन झाल्या, आणि त्याच्या जिवात जीव आला.

महिना उलटला तेव्हा बायकोच्या ध्यानात आलं की मुंगी बसते ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. जेवताना, अभ्यास करताना, गोष्ट ऐकताना. त्या रात्री तिने पुन्हा टॉर्च घेतला. मुंगी जागीच होती, डोळे घट्ट मिटून. अंगावर उजेड पडल्याबरोबर म्हणाली, मी काही केलं नाही.

पांढरे दोरे पुन्हा हलत होते.

दवाखान्यात या वेळी डॉक्टरीणबाईंनी एकेकाकडे पाहून विचारलं की गोळ्या सगळ्यांनी घेतल्या होत्या ना. आजी हो म्हणाली. बायको हो म्हणाली. सायरन भिंतीवरच्या सिलिंडरकडे बघत होता. याची मुदत संपत आली आहे, तो म्हणाला.

त्यांनी सिलिंडरकडे पाहिलं आणि मग त्याच्या बोटांकडे.

"बहुतेक घरांत एखादा असा असतो," त्या सावकाश म्हणाल्या, "ज्याला खाजही नसते आणि काहीच नसतं. त्याला वाटतं आपण सुटलो. जंत त्याच्याकडे सुखाने राहतात, आणि त्याच्या हातून दुसऱ्याकडे जातात. नखं कधीपासून खाता तुम्ही?"

लहानपणापासून, असं काहीतरी तो पुटपुटला. परत येताना सगळा रस्ता त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. घडी घालून छातीशी धरावेत तर तिथल्या खिशात गोळ्या होत्या. बायकोला कळलं तर काय म्हणेल, याची भीती होती. आईला कळलं तर ती सगळ्या जिन्याला सांगेल, याची होती. आणि या सगळ्यांच्या खाली ती कागदावरची जुनी भीती अजून जागच्या जागी होती. जिना चढताना त्याने ठरवलं की कोणालाही न सांगता दोन्ही गोळ्या गटारात टाकून द्यायच्या आणि नव्या मिळतील त्यातली एक खायची. बहुधा खायची.

मुंगी पुढे पळत आत गेली होती. तो पाठोपाठ खोलीत गेला तेव्हा ती चटईवर भिंतीकडे तोंड करून बसली होती, हात मांड्यांखाली. त्याची कामाची पिशवी उघडी होती. तिच्या फ्रॉकच्या गळ्याशी दोऱ्याने बांधलेलं तांबडं कार्ड होतं. गाठ दोनदा मारलेली, त्यानेच शिकवलेली.

सायरनने आयुष्यात आग पुष्कळ वेळा पाहिली होती. कचेऱ्यांच्या अंगणात डिझेलची परात पेटवून लोकांना विझवायला शिकवायचा तो. फवारा ज्वाळेवर मारायचा नाही, मुळावर मारायचा, हे तो झोपेतही सांगू शकला असता. आता तो खाली, चटईच्या कडेला बसला.

"हे कशाला बांधलंस?"

"तू बांधायच्या आधी," मुंगी भिंतीला म्हणाली. "मला पुन्हा झालंय. आजीला होईल माझ्यामुळे."

त्याने वरच्या खिशात हात घातला. शिशाची सीलं निघाली, एक खिळा निघाला, मग दोन गोळ्या, कडा झिजून गेलेल्या. त्या त्याने चटईवर ठेवल्या. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही दिसू दिल्या.

"मी खाल्ल्या नाहीत," तो म्हणाला. "मला भीती वाटली. तुझ्यामुळे कोणाला काही झालं नाही. झालं असेल ते माझ्यामुळे."

आजीने बाहेरून काय झालं म्हणून विचारलं. बायको गोळ्यांकडे बघत राहिली.

"महिनाभर मी चादरी उकळतेय," ती शेवटी म्हणाली. "उकळायला हवं होतं तुम्हाला."

मग ती पाणी तापवायला गेली, कारण चादरी तर याही वेळी होत्याच.

मुंगीने मान वळवली. तिने आधी गोळ्या पाहिल्या, मग त्याला पाहिलं, आणि बराच वेळ खटपट करून दोन्ही गाठी सोडवल्या. कार्ड तिने त्याच्या गणवेशाच्या वरच्या खिशाच्या काजात बांधलं. तो हलला नाही.

त्या संध्याकाळी नव्या गोळ्या आल्या आणि सगळ्यांनी पुन्हा खाल्ल्या. सायरनने त्याची सगळ्यांसमोर, उजेडात खाल्ली. चावताना त्याचे डोळे मिटले होते. मुंगीने त्याला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, गालांच्या आत पाहिलं. मग तो खुर्चीत बसून चक्कर यायची वाट बघू लागला. मनगट धरून नाडी मोजली. पुरळ बघायला बाह्या वर केल्या. एकदा त्याला डोळ्यांपुढे काहीतरी चमकल्यासारखं झालं. तो शेजारच्या घरातला टीव्ही होता.

"काही होतंय का?" मुंगीने विचारलं. ती त्याच्या मांडीवर बसली होती, पाय हलवत.

"अजून नाही."

नकळत त्याचा हात तोंडाकडे गेला. मुंगीने तो मनगटाला धरून खाली आणला आणि तसाच धरून ठेवला.

दुसरी गोळी होईपर्यंत कार्ड काढायचं नाही, असं तिने बजावलं होतं. म्हणून ते गणवेशाच्या खिशातून थोडंसं बाहेर डोकावत राही. वर्कशॉपात कोणीतरी म्हणालं की झाली वाटतं एकदाची तपासणी. सायरनने मान डोलावली आणि हात साबणाने धुवायला गेला. दुसऱ्या गोळीच्या दिवशीही त्याला तितकीच भीती वाटली. ती तशीच ठेवून त्याने गोळी चावली.

त्यानंतर मुंगीने कार्ड सोडून पिशवीत ठेवलं आणि बिस्कीट मागितलं. सायरनने डबा खाली काढला, झाकण उघडलं, आत हात घालायला गेला आणि थांबला. मग त्याने डबाच तिच्यापुढे धरला.

तिने एक घेतलं आणि अख्खंच तोंडात घातलं. आत काय आहे ते कोणी बघितलं नव्हतं. ती खात होती तोवर तो गॅसच्या कळीकडे बघत उभा राहिला. हात पाठीमागे बांधले होते. घास खाली उतरल्याचं ऐकल्यावर त्याने विचारलं, आणखी एक?