ग्यानबाच्या तोंडी दुसऱ्याचं गाणं

शाकीरनं शालूबाईला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. जवळा बाजारचा आठवडी बाजार भरला होता, त्याच्या दुकानात मोबाईलला काच लावून घेणाऱ्यांची गर्दी होती, आणि बाहेरच्या पायरीवर एक म्हातारी रस्त्याकडं तोंड करून कुणाला तरी शिव्या घालत होती. समोर कुणीच नव्हतं. शिव्या शहरातल्या एका दुकानदारासाठी होत्या, आणि तिथपर्यंत पोचाव्यात अशा आवाजात होत्या.

मग ती वळली, आत आली आणि काउंटरवर पेनड्राइव्ह आपटला.

"ह्याच्यात माह्या माणसाचा आवाज घालून दे."

"काय झालं, मावशी?"

"काय झालं? आवाज काढून फेकला त्या मेल्यानं! वर म्हणतो, चांगलं केलं!"

शाकीरनं स्टूल पुढं सरकवलं. ती बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं.

तिची लेक शिवकन्या साखऱ्याला दिलेली. लग्नाला वीसएक वर्षं झाली. गावाकडच्या लग्नात भटजीची मंगलाष्टकं झाली की घरचं कुणीतरी माईक घेऊन आपलं एखादं कडवं म्हणतं. त्या दिवशी तो माईक ग्यानबानं, शालूबाईच्या नवऱ्यानं घेतला. चार माणसांत तोंड न उघडणारा गडी. पिकाला पाणी धरता धरता त्यानं लेकीवर कडवं रचलं होतं, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. पुढच्याच वर्षी तो तापानं गेला. भिंतीवर फोटो राहिला. आवाज तेवढा लग्नाच्या डीव्हीडीत होता, दुसरीकडं कुठंच नाही.

घरचा डीव्हीडीचा डबा बंद पडला तेव्हा शालूबाई चकती घेऊन शहरात गेली. फोनवर दिसेल असं करून दे, म्हणाली. दुकानदारानं दिलं. घरी येऊन बघते तर नुसती हळद आणि आचाऱ्याच्या कढया. लग्न लागायच्या आतच पिच्चर संपला. चकतीत लग्नाचे तुकडे तुकडे असतात, त्यानं पहिलाच तुकडा घेतला होता. ती परत गेली. या वेळी लग्न पुरं मिळालं, पण ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. ती तिसऱ्यांदा गेली. तेव्हा त्यानं सगळा आवाजच पुसला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सिनेमातलं गाणं चिकटवलं. "आजी, आता बघा, कसं मस्त वाटतंय. तो जुना खरखराट कोण ऐकतं?"

शाकीरनं पेनड्राइव्ह लावला. फेट्यातला ग्यानबा दोन्ही हातांनी माईक धरून उभा होता, मान ताणून काहीतरी म्हणत होता, आणि त्याच्या तोंडी भलतीच बाई गात होती. शाकीरची कानशिलं तापली. चूक कुणाकडूनही होते. पण जमलं नाही तर जमलं नाही म्हणावं. मेलेल्या माणसाचं तोंड असं बुजवायचा हक्क ह्याला कुणी दिला?

"मावशी, मूळची चकती आहे का?"

तिनं पिशवीतून खणात गुंडाळलेली चकती काढली. शाकीरनं ती उजेडात धरली. चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, एकावर एक, वर्षानुवर्षांची.

"हे काय?"

"देव्हाऱ्यात असते ती. ह्यांच्या तिथीला हळदकुंकू लावते."

"इथंच अडलं. कुंकवापाशी मशीनला दिसत नाही. मग पिच्चर थोडा गळून जातो, आवाज तेवढाच राहतो, म्हणून मागं पडतो."

"म्हंजे माहं कुंकू खोटं?"

"कुंकू बराबर आहे, जागा चुकली."

"देवाला लावते, तुळशीला लावते, बैलाच्या कपाळाला लावते. कोनाचं काही बिघडलं न्हाई. तुमचीच चकती काहून एवढी नाजूक?"

गिऱ्हाईकं हसली. शाकीरनं थेंबभर साबणानं चकती धुतली आणि मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसली. आधी सगळी चकती जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरवली, तुकडे ओळीनं जोडले, मग फोनवर मावेल अशी बारीक फाईल केली. तरी मंगलाष्टकांच्या सुरुवातीला कुंकू खोल मुरलं होतं. तिथून पुढं आवाज मागंच पडत होता. तो हातानं पुढं सरकवायला हवा होता. त्यासाठी जे दिसतं आणि ऐकूही येतं असं एक ठिकाण लागतं. शाकीरला ते लगेच सापडलं. अक्षता उडाल्या की बँड वाजतो. त्यानं अक्षतांना बँड जुळवला आणि स्क्रीन शालूबाईकडं फिरवला.

ग्यानबानं माईक धरला, तोंड उघडलं, आणि आतून ढोल-ताशाच बाहेर पडला.

"अरं देवा!" शालूबाई कडाडली. "त्यानं गानं घातलं, तू अख्खा बँड घातलास व्हय रे? अक्षता दर कडव्याला पडतात, बाबा! बँड शेवटालाच वाजतो. तू पहिल्याच अक्षतेला वाजवला! आमच्या लग्नात नुसता जेवायलाच येतोस का?"

"बुंदी चांगली असते, मावशी," शाकीर मान खाली घालून म्हणाला, आणि बँड शेवटच्या अक्षतांपाशी नेऊन ठेवला.

आता ओठ आणि आवाज एक झाले. ग्यानबाचा आवाज बारीक होता. दुसऱ्या ओळीला फाटला, खोकला आला, मांडव हसला. तेवढ्यात कॅमेऱ्याजवळून एक बाईमाणूस म्हणालं, "दमानं, दमानं." ग्यानबानं तिकडं बघितलं, पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि लेकीचं कडवं शेवटपर्यंत म्हटलं.

"ही मीच की," शालूबाई म्हणाली. आता ती स्टुलावर बसली. पदर तोंडाला गेला, पण लगेच खाली आला. "आन् ह्याला तो मुडदा खरखराट म्हनून राहिला!"

पुढच्या खेपेला शहरात गेली तेव्हा ती त्या दुकानात शिरली. गिऱ्हाईकांच्या मधोमध उभी राहून तिनं फोनचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला, आणि ग्यानबाचं कडवं खोकल्यासकट त्याला ऐकवलं. दुकानदार म्हणाला, "आजी, आवाज जरा कमी करा." तिनं केला नाही.

शालूबाई आता साखऱ्याला लेकीजवळ राहते. चकती देव्हाऱ्यातच आहे, पण आता डबीत घालून. कुंकू ती वरच्या डबीला लावते.